सत्तर अंशांच्या पाण्यातून वीज मागू नका

भूगर्भातल्या उष्णतेचा विषय आपल्याकडे निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगावॅट वीज मिळेल? देशभरातल्या गरम झऱ्यांची क्षमता दहा हजार मेगावॅटच्या घरात असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहते. पण जमिनीखाली वाजवी खोलीवर जे गरम पाणी सापडते, ते बहुतेक ठिकाणी ५० ते ९० अंशांचे असते. एवढ्या तापमानाच्या पाण्यापासून वीज करणे हा त्याचा सर्वांत तोट्याचा उपयोग आहे. ते पाणी उष्णता म्हणूनच वापरायला हवे. जिथे हिवाळा कडक आहे आणि घरे एकमेकांना लागून आहेत, तिथे नळांच्या जाळ्यातून ते घराघरांत खेळवावे.

यामागचे गणित सोपे आहे. पाणी ७० अंशांचे आणि भोवतालची हवा १५ अंशांची असेल, तर निसर्गनियमांनुसार अगदी आदर्श यंत्रसुद्धा त्या उष्णतेचा १६ टक्क्यांहून जास्त भाग विजेत बदलू शकत नाही. प्रत्यक्षात पाणी उष्णता देता देता निवत जाते, यंत्रांत घर्षण असते, आणि हाती पाच ते आठ टक्के लागतात. अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्ज येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीजसंच चालतो. तिथे यंत्र निववायला बर्फासारखे थंड पाणी मुबलक आहे, तरी कार्यक्षमता आठ टक्क्यांच्या आसपासच राहते. खोली २० अंशांवर ठेवायची असेल, तर मात्र फरशीखालून फिरवलेल्या नळ्यांना ३५ अंशांचे आणि भिंतीलगतच्या मोठ्या रेडिएटरला ५० ते ५५ अंशांचे पाणी पुरते. म्हणजे विजेसाठी निकामी ठरणारे पाणी घरासाठी गरजेपेक्षा जास्तच गरम असते.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे होते, कसे फसते आणि पुन्हा कसे उभे राहते, ते पॅरिसच्या खोऱ्यात पाहावे. गरम पाण्याचे शहर म्हटले की लोकांना आइसलँडची राजधानी रेक्याविक आठवते. पण तिथे जमीनच ज्वालामुखीची आहे. तिचा धडा इतरांना फारसा लागू पडत नाही. पॅरिसखाली ज्वालामुखी नाही. तिथे दीड ते दोन किलोमीटर खोलीवर ‘डॉगर’ नावाचा ज्युरासिक काळातला चुनखडीचा थर आहे आणि त्यात ५५ ते ८५ अंशांचे खारे पाणी साठलेले आहे. खोलीनुसार तापमान जेवढे वाढायला हवे तेवढेच हे आहे. अशी साधी गाळाची खोरी जगात पुष्कळ आहेत, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे.

१९६९ मध्ये पॅरिसच्या आग्नेयेला मेलाँ या गावी पहिली जोडविहीर सुरू झाली. एका विहिरीतून गरम पाणी वर घ्यायचे, त्याची उष्णता हीट एक्सचेंजरमधून शहराच्या स्वच्छ पाण्याला द्यायची आणि निवलेले खारे पाणी दुसऱ्या विहिरीतून त्याच थरात परत सोडायचे. दुसऱ्या विहिरीमुळे खर्च जवळजवळ दुप्पट होतो, पण ती टाळता येत नाही. एका लिटरमध्ये ३५ ग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी सीन नदीत सोडता येत नाही, आणि पाणी नुसतेच उपसत राहिले तर थरातला दाब घटत जातो. दोन्ही विहिरींची तोंडे जमिनीवर शेजारी असतात, पण खाली त्या तिरप्या जातात. त्यांच्या तळांत एक ते दीड किलोमीटर अंतर ठेवतात. अंतर कमी पडले तर परत सोडलेले थंड पाणी लवकर उपशाच्या विहिरीपर्यंत पोहोचते. ते योग्य ठेवले तर दोन-तीन दशके तापमानात जाणवण्यासारखी घट होत नाही. हीट एक्सचेंजरच्या पट्ट्या टायटॅनियमच्या घेतात, कारण या पाण्यात साधे पोलाद टिकत नाही.

विहिरीच्या केसिंगला, म्हणजे भोकाला आतून बसवलेल्या नळीला, मात्र बराच काळ साधे पोलादच वापरले गेले आणि ते महागात पडले. तेलसंकटानंतर, १९८० ते १९८७ या काळात, पॅरिस परिसरात पन्नासहून अधिक जोडविहिरी खोदल्या गेल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांतल्या वीसच्या आसपास बंद पडल्या. बिघाड असा होता: डॉगरच्या पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड असतो. ते पोलाद खातात. सुटलेल्या लोहाची सल्फाइडशी गाठ पडून काळे लोह सल्फाइड तयार होते आणि केसिंगच्या भिंतीवर खरखरीत थर चढतो. त्याने नळीचा व्यास घटतो आणि घर्षण वाढते, तेवढेच पाणी खेचायला पंप जास्त वीज घेतो. सुटे कण पाण्याबरोबर वाहून परतीच्या विहिरीत जातात, खडकाची छिद्रे बुजवतात आणि तिथला दाब चढतो. शेवटी केसिंगला भोक पडते आणि खारे पाणी वरच्या गोड्या पाण्याच्या थरात शिरण्याचा धोका उभा राहतो.

उपाय निघाले आणि ते आजही चालू आहेत. उपशाच्या विहिरीच्या तळापर्यंत एक बारीक नळी सोडतात आणि तिच्यातून गंजरोधक द्रव्य थेंबाथेंबाने सोडत राहतात. हे द्रव्य वर, विहिरीच्या तोंडाशी सोडून उपयोग नसतो, कारण तोवर पाणी अख्ख्या केसिंगला घासून आलेले असते. ठराविक वर्षांनी मापनयंत्र आत उतरवून केसिंगची जाडी तपासतात. जुन्या विहिरीत आतून काचतंतूंच्या नळ्यांचे अस्तर बसवतात. त्याने व्यास कमी होऊन पाणी थोडे घटते, पण गंज थांबतो. काशाँ या उपनगरात जुन्या विहिरींच्या जागी थरातून जवळजवळ आडव्या जाणाऱ्या दोन विहिरी खोदल्या गेल्या. खडकाशी संपर्काची लांबी वाढल्यामुळे तिथे एकाच जोडीतून जास्त पाणी घेता येते.

पण ऐंशीच्या दशकातले सगळे अपयश गंजाच्या माथी मारणे बरोबर नाही. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. प्रकल्प मोठ्या व्याजाच्या कर्जावर उभे होते आणि त्यांची स्पर्धा अचानक स्वस्त झालेल्या इंधनाशी लागली. तिसरे कारण इमारतींच्या आत होते, आणि आजही बहुतेक नियोजनकार दुर्लक्ष करतात ते याच कारणाकडे: परतीच्या पाण्याचे तापमान.

विहिरीतून मिळणारी उष्णता दोन गोष्टींवर ठरते. एक, ताशी किती पाणी येते. दुसरी, ते किती अंशांनी निवून परत जाते. ताशी २५० घनमीटर पाणी ७० अंशांनी वर आले आणि ४० अंशांना परत गेले, तर सुमारे ८.७ मेगावॅट उष्णता मिळते. तेच पाणी ५० अंशांना परत गेले तर ५.८ मेगावॅट. विहीर तीच, पंप तोच, खर्च तोच, आणि एक तृतीयांश उत्पन्न गेले. हीट पंप, म्हणजे थोडी वीज वापरून कोमट पाण्यातली उष्णता वरच्या तापमानाला नेणारे यंत्र, लावून परतीचे पाणी २५ अंशांपर्यंत उतरवले तर हाच आकडा १३ मेगावॅटपर्यंत चढतो. विजेचा मार्ग धरला असता तर ८.७ मेगावॅट उष्णतेतून जेमतेम अर्धा मेगावॅट वीज निघाली असती. एवढे पाणी उपसून परत दाबायला दोन्ही पंपांचा मिळून ३० बारचा दाब लागतो असे धरले, तरी त्यांनाच ३०० किलोवॅटच्या पुढे वीज लागते. उरते काय? उष्णतेच्या प्रकल्पात मात्र त्याच ३०० किलोवॅटवर पंचवीस-तीसपट उष्णता घरांत पोहोचते.

परतीचे पाणी गरम राहते ते विहिरीच्या दोषामुळे नाही, ते इमारतींमुळे. जुन्या इमारतींचे रेडिएटर ९० अंशांचे पाणी घेऊन ७० अंशांचे परत देण्याच्या हिशोबाने बसवलेले होते. अशा इमारतीला ६५ अंशांचे पाणी दिले तर कडाक्याच्या थंडीत ती पुरेशी तापत नाही. रहिवासी तक्रार करतात. देखभाल करणारा पंपाचा वेग वाढवतो. पाणी रेडिएटरमधून घाईने निघून जाते आणि जवळजवळ तसेच गरम परत येते. कुठे बायपासचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. कुठे वरच्या मजल्यांना पाणी कमी आणि खालच्यांना जास्त जाते, कारण उभ्या नळांचा समतोल कुणी साधलेला नसतो. अंघोळीच्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. लेजिओनेला हा जिवाणू वाढू नये म्हणून साठवलेले गरम पाणी ५५ ते ६० अंशांवर ठेवावे लागते आणि नळांतून सतत फिरवत राहावे लागते. त्या फिरत्या पाण्यानेही परतीचे तापमान वर चढते. यावर साधे उपाय आहेत: साठवणीच्या टाकीऐवजी वापराच्या क्षणी पाणी तापवणारा प्लेट एक्सचेंजर, प्रत्येक रेडिएटरला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह, प्रत्येक उभ्या नळाला समतोलाचा व्हॉल्व्ह, आणि जुन्या इमारतीतून परतलेले ५० अंशांचे पाणी शेजारच्या, फरशीखालच्या नळ्यांनी तापणाऱ्या नव्या इमारतीला देणे. डेन्मार्कमध्ये अनेक उष्णता कंपन्या परतीचे पाणी थंड देणाऱ्या ग्राहकाला दरात सवलत देतात आणि गरम देणाऱ्याकडून जास्त घेतात. हा नियम कुठल्याही नव्या जाळ्यात पहिल्या दिवसापासून असावा, कारण लोकांना एका दराची सवय झाली की तो पुढे बदलणे फार अवघड जाते.

दुसरी गल्लत विहिरीच्या आकाराची. वर्षातल्या सर्वांत थंड दिवसाची गरज भागेल एवढी विहीर खोदायची म्हटले तर ती वर्षभर अर्धी रिकामी बसेल. अनुभवाने बसलेला हिशोब असा, की कमाल मागणीच्या निम्म्या क्षमतेची भूगर्भीय उष्णता घेतली, तर वर्षभरातल्या एकूण गरजेचा जवळपास ८० टक्के भाग तीच भागवते. उरलेल्या मोजक्या थंड दिवसांसाठी गॅसचा किंवा लाकडाच्या चुऱ्याचा बॉयलर ठेवावा. अशा बॉयलरला अशुद्ध म्हणून नाकारणारे शेवटी प्रकल्पच इतका महाग करून ठेवतात, की तो होतच नाही.

जाळे सगळीकडे घालता येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. रस्ता खोदून उष्णतारोधक आवरण आधीच चढवलेले दोन नळ टाकायचे, प्रत्येक सांध्यावर आवरण चढवून फोम भरायचा, गळती कळावी म्हणून आवरणातल्या तारा जोडायच्या, असे हे काम. ते मीटरमागे महाग असते. बहुतेक गळत्या नळात होत नाहीत, त्या घाईत भरलेल्या सांध्यांत होतात. फ्रान्समध्ये सरकारी उष्णता निधीतून मदत हवी असेल, तर जाळ्याच्या दर मीटरमागे वर्षाला किमान दीड मेगावॅट-तास उष्णता विकली जावी लागते. या कसोटीवर विखुरलेले बंगले बाद होतात. सहा-आठ मजली वसाहती, रुग्णालये, शाळा आणि पोहण्याचे तलाव उतरतात. पॅरिसच्या दक्षिणेला वाल-द-मार्न जिल्ह्यात अशा वसाहती दाट आहेत आणि जोडविहिरींची गर्दीही तिथेच आहे. शव्हीयी-लारू, लाई-ले-रोझ आणि व्हिलज्वीफ या नगरपालिकांनी मिळून चालवलेले जाळे युरोपातल्या मोठ्या भूगर्भीय जाळ्यांपैकी एक आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे सरकारची भूमिका टाळता येत नाही. एका जोडविहिरीला एक ते दीड कोटी युरो लागतात आणि तो सगळा खर्च पहिली खोली तापण्याआधीच होतो. खाली अपेक्षेपेक्षा कमी पाणी निघाले तर तो बुडतो. एखादी नगरपालिका हा धोका एकटी पेलू शकत नाही. बँक तर त्याला हातही लावत नाही. फ्रान्सने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच हमी निधी उभारला. प्रत्येक प्रकल्प त्यात हप्ता भरतो, विहीर फसली तर नुकसानीचा मोठा भाग परत मिळतो, आणि पुढे काही वर्षांनी थर बिघडला तरी त्यासाठी वेगळे संरक्षण असते. जाळ्यातली निम्म्याहून अधिक उष्णता नूतनीकरणक्षम असेल तर ग्राहकाच्या बिलावर ५.५ टक्के एवढाच कर लागतो. खडकांच्या माहितीलाही मोल आहे. तेल शोधताना खोदलेल्या विहिरींच्या नोंदी सर्वांना खुल्या नसत्या, तर डॉगरचा अंदाज इतका नेमका बांधता आला नसता. उलट ज्या देशांत अशा नोंदी कपाटात बंद राहतात, तिथे प्रत्येकाला पहिली विहीर अंधारात खोदावी लागते.

भूकंपाचा आक्षेप हमखास येतो. स्ट्रासबुर्गजवळ वेन्डेनहाइम येथे २०२० च्या डिसेंबरात साडेतीन रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. पण तो प्रकल्प वीजनिर्मितीचे उद्दिष्ट ठेवून पाच किलोमीटर खोल, भेगाळलेल्या खडकात मोठ्या दाबाने पाणी दाबणारा होता. डॉगरसारख्या मुळातच सच्छिद्र थरात पन्नास वर्षांहून अधिक काळ पाणी खेळते आहे आणि तिथे अशी अडचण आलेली नाही. खरा धोका वरच्या थरांबद्दलच्या निष्काळजीपणाचा असतो. जर्मनीतल्या श्टाऊफेन गावी २००७ मध्ये नगरपालिकेची इमारत तापवण्यासाठी १४० मीटरपर्यंतची सात छिद्रे पाडली गेली. ती दाबाखालच्या पाण्याचा थर आणि अनहायड्राइट या खनिजाचा थर यांना जोडून गेली आणि त्यांचे सिमेंट नीट बसले नाही. पाणी लागताच अनहायड्राइटचे जिप्सम होऊन तो फुगला, जमीन काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून अधिक वर आली आणि अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले. छिद्र उथळ आहे म्हणून भूगर्भतज्ज्ञाला फाटा देऊ नये, हे त्या गावाने फार मोठी किंमत मोजून दाखवले.

खडक बदलला की रीतही बदलते. हंगेरीत सेगेद शहराने आपली जुनी गॅसवर चालणारी जाळी भूगर्भीय पाण्यावर वळवली. तिथला थर चुनखडीचा नाही, वाळूच्या खडकाचा आहे. बारीक कण परतीच्या विहिरीत अडकतात, म्हणून एका उपशाच्या विहिरीला परतीच्या दोन विहिरी द्याव्या लागतात आणि जमिनीवर गाळणीची यंत्रणा उभारावी लागते. पॅरिसचा आराखडा जसाच्या तसा उचलून तिथे चालला नसता.

भारतात खोल्या तापवण्याची खरी गरज हिमालयात आहे. कोकणात, ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरी-अकलोलीपासून रत्नागिरीतल्या उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याचे झरे आहेत. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते, पण तिथे घर तापवायचे कुणाला? त्या पाण्यावर मासळी, कोकम, आंबापोळी पावसाळ्यातही वाळवता येईल. तो विषय वेगळा आणि स्थानिक पातळीचा आहे.

लडाखचे तसे नाही. पुगाच्या खोऱ्यात ४,४०० मीटर उंचीवर झऱ्यांतून उकळते पाणी येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे सत्तरच्या दशकातच तीसहून अधिक विंधनविहिरी घेतल्या, आणि गरम पाण्याने एक छोटी खोली तापवून दाखवण्याचा प्रयोगही त्या काळात झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय विकास परिषद यांच्यात करार झाला, आणि त्याचे पहिले उद्दिष्ट एक मेगावॅटचा वीजप्रकल्प हे होते. पुगाला खोलवर शंभर अंशांहून अधिक तापमान असल्याने विजेचा विचार तिथे गैर नाही. पण वीज करून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय करायचे, ते वीजसंच मागवण्याआधी ठरले पाहिजे. पुगाच्या पाण्यात बोरॉन भरपूर आहे, ओढा पुढे सिंधूला मिळतो आणि त्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. परतीच्या विहिरीशिवाय तिथे काहीही करू नये.

उष्णतेचा पहिला प्रकल्प पुगात नव्हे, सिंधूकाठच्या चुमाथांगला व्हावा. तिथे झरे आहेत आणि त्यांच्या शेजारीच वस्ती आहे. ही उष्णता लेहपर्यंत न्यावी, असे कुणी सुचवले तर ते ऐकू नये. रेक्याविकला नेसयावेत्लिर या भूगर्भीय केंद्राहून २७ किलोमीटर नळाने पाणी येते आणि वाटेत दोन अंशांपलीकडे निवत नाही, ते प्रवाह प्रचंड मोठा असतो म्हणून. लहान प्रवाह शंभर-दीडशे किलोमीटरवर नेणे परवडणार नाही.

सेकंदाला पाच लिटर पाणी ८० अंशांना घेऊन ४० ला सोडले तर सुमारे ८३५ किलोवॅट उष्णता मिळते. नीट बंदिस्त केलेल्या घराला कडाक्याच्या थंडीत आठ किलोवॅट धरले, तर शंभर घरे तापतात. त्याच पाण्याची वीज केली तर साठ-पासष्ट किलोवॅट मिळेल आणि त्यातून पंपाचा खर्च वजा जाईल.

काम कोणत्या क्रमाने करायचे तेही ठरलेले असावे. एक पूर्ण वर्ष झऱ्यांचे तापमान, प्रवाह आणि रसायन मोजावे, हिवाळ्यासह. मग उथळ विहीर घेऊन उपसा सुरू केल्यावर आसपासचे झरे आटतात का ते पाहावे, कारण लोक तिथे स्नानाला येतात आणि त्यांचा त्या पाण्यावर आधी हक्क आहे. एवढ्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते. दाब किंचित उतरला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नळाच्या तोंडाशीच चुन्याचा थर धरतो. पंपातही वाफेचे बुडबुडे होऊन पाती झिजतात. म्हणून विहिरीच्या तोंडापासून एक्सचेंजरपर्यंत दाब कायम ठेवणे ही संपूर्ण यंत्रणेतली सर्वांत नाजूक बाब आहे, आणि एक्सचेंजर दोन हवेत, एक धुतला जात असताना दुसरा चालू. घरांकडे जाणाऱ्या बंद चक्रात, पाणी गोठू नये म्हणून, ग्लायकॉल मिसळलेले पाणी असावे आणि नळ गोठणरेषेखाली पुरावेत. जानेवारीत वीज काही तास गेली तरी पंप चालला पाहिजे. त्यासाठी बॅटरी किंवा जनरेटर हवा, आणि तोही बंद पडला तर चक्र रिकामे करण्याचे व्हॉल्व्ह गावातल्या दोघा-तिघांना उघडता आले पाहिजेत.

आणि घरे आधी बंदिस्त करावी लागतील. छत, खिडक्या, दारांच्या फटी, यांवर खर्च न करता नळ घातले तर बारा किलोवॅट घेणारे घर बाराच घेत राहील आणि शंभर घरांचा प्रकल्प सत्तरांवर येईल. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूगर्भीय ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात उष्णतेच्या थेट वापरालाही जागा दिली आहे. त्या धोरणाखाली पहिला पैसा वीजसंचाला न देता तीन कामांना द्यावा: विहीर फसल्यास भरपाई देणारा हमी निधी, आजवरच्या सर्व विंधनविहिरींच्या खुल्या नोंदी आणि चुमाथांगच्या घरांची छते.